डोंगरमाथ्यावरची फुले आणि नाशिकची गच्ची

वाचकांचे प्रश्न, बागेची उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार आला आहे. उंच पर्वतांवर, जिथे वृक्षांची वाढ थांबते त्याच्याही वर, खडकांच्या फटींत आणि वितळत्या बर्फाच्या कडेला वाढणारी जी बुटकी, दाट पानांची आणि अंगाच्या मानाने मोठ्या फुलांची झाडे असतात, ती बियांपासून आपल्याकडे वाढवता येतील का, हा तो विषय. बागकामाच्या भाषेत या झाडांना अल्पाइन म्हणतात. पत्रे नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आली असून लिहिणाऱ्यांनी स्वतः प्रयत्न करून, अपयश घेऊन मग प्रश्न विचारले आहेत. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मुलीने इंग्लंडहून निळ्या हिमालयी पॉपीचे आणि प्रिम्युलाचे बी आणून दिले. मृगाचा पाऊस झाल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी ते कुंडीत पेरले. कुंडीत बागेतलीच काळी माती आणि शेणखत होते. दोन महिने झाले, एकही अंकुर आला नाही. बी खराब निघाले असे समजावे का?
— एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : बी खराब असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण मला तरी दोष बियांपेक्षा ऋतूचा वाटतो. आपण मृगाला पेरणी केली, कारण आपल्याकडे पेरणी मृगालाच होते. आपल्या मातीतल्या बियांना उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस ही उगवण्याची खूण असते. पर्वतावरच्या बियांची खूण वेगळी आहे. तिथे झाडाचे बी ऑगस्ट-सप्टेंबरात पिकून खाली पडते. ते लगेच उगवले तर कोवळे रोप महिन्याभरात बर्फाखाली सापडून मरेल. त्यामुळे अशा अनेक जातींच्या बियांमध्ये एक कुलूप असते. ओलसर अवस्थेत काही आठवडे सलग थंडी सोसल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. बियांमध्ये उगवण रोखून धरणारे अॅब्सिसिक आम्ल असते आणि उगवणीला चालना देणारे जिबरेलिन असते. थंडीच्या काळात पहिल्याचा प्रभाव हळूहळू उतरतो आणि दुसऱ्याचा वाढतो. बर्फ वितळून ऊब येते तेव्हा बी तयार झालेले असते. हिवाळा सरला हे बियांना असे कळते. नाशिकच्या जूनमध्ये पेरलेल्या बियांच्या वाट्याला हिवाळा आलाच नाही.

आपल्या दोन बियांचे स्वभाव मात्र सारखे नाहीत. प्रिम्युलाच्या बऱ्याच पर्वतीय जातींना वर सांगितलेली ओली थंडी मानवते आणि बियांवर उजेड पडावा लागतो. मातीखाली गाडलेले त्यांचे बी बहुधा उगवत नाही. निळ्या पॉपीला थंडीचे आठवडे दरवेळी लागतातच असे नाही, पण उगवताना हवा १० ते १५ अंशांच्या आसपास असावी लागते आणि जूनमध्ये नाशिकची रात्रसुद्धा त्याहून खूप उबदार असते. ही दोन्ही बिया उघड्यावर, उबेत ठेवली तर लवकर म्हातारी होतात. पाकीट हाती आल्यापासून पेरणीपर्यंत ते स्वयंपाकघरातल्या फडताळात राहिले असेल, तर तिथेही काही बी गेले असेल. काळ्या मातीचा दोष वेगळा आहे. ओली झाली की ती चिकट होते, हवा कोंडते आणि इतके बारीक बी तिच्यात कुजते.

निळ्या पॉपीविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण आपण आपल्या मुलीने आणलेले बी मनापासून जपले आहे. हे झाड आपल्या बागेत उगवेल, कदाचित दोन महिने वाढेलही, पण नाशिकचा एप्रिल पाहणार नाही. उंची वाढते तसे दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि उत्तराखंडातली फुलांची दरी ३,२०० मीटरच्या वर. नुसत्या उंचीच्या या फरकानेच सतरा अंशांचे अंतर पडते. बागांमध्ये प्रसिद्ध झालेली निळी पॉपी तिबेटच्या आग्नेय भागातली. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक बेली यांनी १९१३ साली त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, खोऱ्यातल्या प्रवासात तिचा नमुना गोळा केला आणि वनस्पती-संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ साली तिचे बी इंग्लंडला नेले, तेव्हापासून ती तिथल्या बागांत रुजली. ब्रिटनमध्येसुद्धा ती स्कॉटलंडसारख्या गार, दमट भागात सुखाने राहते आणि कोरड्या, उबदार दक्षिणेत माळ्यांना रडवते, असा तिचा लौकिक आहे. म्हणून उरलेले पॉपीचे बी थंड प्रदेशात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकांना द्यावे आणि आपण प्रिम्युलावर लक्ष द्यावे, असे मला वाटते.

एक सूचना सर्वच वाचकांसाठी. परदेशातून बी आणताना आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने हा नियम घातला आहे आणि तो घरच्या बागेपुरत्या पाकिटालाही लागू पडतो. बियांबरोबर रोग आणि तण येऊ शकतात. ज्या जिल्ह्याचे पोट द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोवर चालते, तिथे हा नियम जाचक मानू नये.

प्रश्न : मी पाचव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेला आहे. जेन्शियन आणि प्रिम्युलाचे बी फ्रिजमध्ये दोन महिने ठेवून मग पेरले, तरीही उगवले नाही. फ्रिजचा उपाय सांगोवांगीचा आहे का? तो खरा असेल तर नेमका कसा करावा?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : उपाय खरा आहे. आपण बी पाकिटातच ठेवले होते की ओले करून, हे पत्रात नाही, पण बहुतेक जण इथेच चुकतात. कोरडे बी फ्रिजमध्ये ठेवले तर ते फक्त टिकते. ते झोपलेलेच राहते आणि त्याच्यासाठी हिवाळा सुरू होत नाही. बियांनी आधी पाणी पिऊन फुगले पाहिजे, तरच थंडीचा परिणाम होतो.

मी करते ती रीत अशी आहे. नदीची जाड वाळू चाळून, दोन-तीन वेळा धुऊन, तव्यावर भाजून घ्यावी. ती गार झाली की पाणी शिंपडून मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर वाळूचा गोळा टिकला पाहिजे, पण बोटांमधून थेंब पडता कामा नये. हा ओलावा जमला की निम्मे काम झाले, कारण पाणी जास्त झाले तर बी गुदमरते आणि बुरशी येते. चिमूटभर बी दोन-तीन चमचे वाळूत मिसळून झिपच्या लहान पिशवीत भरावे, पिशवीत थोडी हवा राहू द्यावी आणि बाहेर पेन्सिलीने नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पेनाची शाई फ्रिजमधल्या दमटपणाने पुसली जाते आणि दोन महिन्यांनी कोणती पिशवी कशाची हे कळत नाही. बी अगदीच बारीक असेल तर वाळूऐवजी ओलसर टिश्यू कागदाची घडी करून त्यात ठेवावे, म्हणजे नंतर ते शोधता येते.

पिशवी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. तिथे साधारण चार-पाच अंश असतात आणि हेच तापमान हवे. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. पर्वतावर बर्फ असतो म्हणून बी गोठवायला हवे असा समज आहे, पण खोल बर्फाच्या थराखाली जमीन शून्याच्या आसपासच राहते, बर्फ तिला पांघरुणासारखा झाकतो. कुलूप उघडण्याचे काम शून्याच्या थोडे वर, ओल्या थंडीत होते. फुगलेले बी घरच्या फ्रीझरमध्ये झटक्यात गोठवले तर ते मरण्याचीच भीती जास्त.

किती आठवडे ठेवायचे, यासाठी मला आपल्या सणांचे गणित सोयीचे वाटते. बहुतेक प्रिम्युलांना सहा-सात आठवडे पुरतात, म्हणून त्यांच्या पिशव्या मी अनंत चतुर्दशीला भरते. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत साडेसहा आठवडे होतात. हट्टी जातींच्या पिशव्या, म्हणजे जेन्शियनसारख्या, नागपंचमीलाच भरते. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत बारा आठवडे मिळतात. मध्ये अधिक महिना आला तर तो वजा करावा. दोन्ही पिशव्या दिवाळीत बाहेर निघतात आणि नाशिकची हवा तेव्हाच गार होऊ लागलेली असते, हे या हिशेबाचे खरे कारण आहे.

चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी पिशवी उजेडाकडे धरून पाहावी. काही बी फ्रिजच्या अंधारातच फुटते. काळसर ओल्या वाळूत पांढरी, केसाहून थोडी जाड अशी मुळाची टोके आतल्या बाजूने प्लास्टिकला टेकलेली दिसली की त्याच दिवशी पेरणी करावी. ही मुळे लांब होऊ दिली तर काढताना तुटतात. एखाद्या बियांवर बुरशीचा कापूस दिसला म्हणून सगळी पिशवी फेकू नये. बुरशी बहुधा पोकळ किंवा मेलेल्या बियांवरच धरते. ते वेचून टाकावे आणि बाकीचे नव्या वाळूत घालावे.

पेरणीसाठी पसरट मातीची कुंडी घ्यावी. दोन भाग खडी-क्रशरवर मिळणारी बारीक कच, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेले पानखत किंवा कोकोपीट असे मिश्रण करावे. कच धुऊन तिची पूड काढून टाकावी, नाहीतर ती ओली होऊन सिमेंटसारखी बसते. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून तेही दोन-तीन पाण्यांनी धुवावे. बी मिश्रणावर शिंपडावे, मातीने झाकू नये आणि वरून कचेचा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी थर द्यावा. खड्यांमधल्या फटींतून उजेड खाली पोहोचतो, रोपाची मान कोरडी राहते आणि वरचा ओलावाही टिकतो. या एका थराने माझी जितकी रोपे वाचली, तितकी कोणत्याही औषधाने वाचली नाहीत. पाणी झारीने न देता कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून चढू द्यावे आणि वरचा थर ओलसर दिसताच बाहेर काढावी.

पूर्वेची बाल्कनी या कामाला उत्तम आहे. सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि अकरानंतर सावली येते.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे, त्यामुळे जीए (जिबरेलिक आम्ल) घरात असते. जेन्शियनचे बी जीएमध्ये भिजवल्यास फ्रिजची गरज राहत नाही असे वाचले, ते खरे आहे का? आणि आमच्याकडे थंडी एवढी पडते की काही वर्षी पहाटे दवबिंदू गोठतात. मग ही थंडीच बियांना का पुरू नये?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. द्राक्षाचे मणी लांबवायला जे जिबरेलिक आम्ल आपण वापरता, तेच बियांना थंडीनंतर स्वतः तयार करावे लागणारे चालक द्रव्य आहे. जेन्शियनच्या अनेक जाती त्याला चांगला प्रतिसाद देतात. पण मात्रा फार वेगळी आहे. द्राक्षाच्या घडांना आपण दहा, वीस, चाळीस पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असे हिशेब करता, बियांना मात्र ५०० ते १,००० पीपीएमच्या द्रावणात साधारण एक दिवस भिजवतात. बाजारात मिळणारे ०.००१ टक्क्याचे तयार द्रव औषध मुळातच १० पीपीएमचे असते, त्यातून हे द्रावण होणार नाही. त्यासाठी भुकटीच लागते. शंभर मिलिलिटर पाण्यात शुद्ध द्रव्य १०० मिलिग्रॅम पडले तर १,००० पीपीएम होतात. भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी, हे आपल्याला माहीतच असेल. भिजवून झाल्यावर बी साध्या पाण्याने धुवावे.

माझा सल्ला मात्र असा की पाकिटातले निम्मे बी जीएला आणि निम्मे फ्रिजला द्यावे. मात्रा जरा जास्त झाली की जीएचे रोप काडीसारखे लांब आणि फिके निघते आणि उभेच राहत नाही. मी पहिल्या वर्षी सगळे बी १,००० पीपीएममध्ये दोन दिवस ठेवले. आठवड्याभरात कुंडी भरून उगवण झाली, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली, आणि पुढच्या पंधरवड्यात ती सगळी रोपे मान टाकून आडवी झाली. थंडीतून आलेले रोप उशिरा येते, पण ते बुटके आणि दणकट असते.

आता निफाडच्या थंडीविषयी. जिल्ह्यातला सर्वांत कमी पारा बऱ्याचदा आपल्याकडेच नोंदवला जातो, हे खरे. पण ती थंडी पहाटेची असते आणि दुपारी त्याच जागी २५ अंशांच्या वर ऊन तापते. बियांना सलग थंडी हवी. दिवसातून काही तास मिळणारी थंडी दुपारच्या उबेने बरीचशी पुसली जाते. आपल्या थंडीचा खरा उपयोग उगवणीनंतर आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या गार रात्री या रोपांना जितक्या मानवतात, तितके दुसरे काहीच मानवत नाही, आणि या बाबतीत निफाड नाशिक शहराहून भाग्यवान आहे. ज्या रात्री दव गोठण्याची भीती असेल, त्या रात्री बागेसारखीच काळजी घ्यावी आणि कुंड्या भिंतीच्या आडोशाला आणाव्यात, कारण पर्वतावरचे रोपसुद्धा बर्फाच्या पांघरुणाशिवायचे कोरडे हिम कोवळेपणी सोसत नाही.

प्रश्न : आमच्या घरी आजीच्या वेळेपासून ब्रह्मकमळ आहे. आषाढ-श्रावणात रात्री फुलते, त्याची पूजा होते. हे हिमालयातले असूनही नाशिकमध्ये सुखाने वाढते, मग बाकीची हिमालयी झाडे का वाढू नयेत? याचे बी कसे धरावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या घरचे ब्रह्मकमळ हिमालयातले नाही. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग आहे, एपिफायलम त्याचे नाव. पानासारखे दिसणारे त्याचे चपटे भाग म्हणजे खोडच आहे आणि त्याचा वीतभर तुकडा दोन-तीन दिवस सुकवून वाळूमिश्रित मातीत टोचला की नवे झाड होते. त्यासाठी बी धरण्याची गरजच नाही. हिमालयातले ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ओब्वॅलाटा. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून साधारण ३,७०० मीटरच्या वर वाढते आणि उत्तराखंडचे ते राज्यपुष्प आहे. त्याची फिकट पिवळसर, कागदासारखी पाने आतल्या जांभळ्या फुलांना थंडीवाऱ्यापासून झाकून धरतात. बद्रीनाथ-केदारनाथला ते देवाला वाहतात. आजींनी लावलेल्या झाडाची पूजा या माहितीने जराही उणी होत नाही. तिथून येताना कोणी या फुलाचे बी किंवा कंद देऊ केले तर मात्र घेऊ नये, ही विनंती. ते झाड आधीच ओरबाडले गेले आहे आणि इथे ते जगणार नाही.

प्रश्न : गेल्या दिवाळीत पेरलेले प्रिम्युला, लिनेरिया आणि आइसलँड पॉपी छान उगवले, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांत सगळे कोलमडले. पाणी रोज दोनदा देत होते. काय चुकले? वर्षभर टिकेल असे यातले काहीच नाही का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आपण ही झाडे फुलापर्यंत आणलीत, याचा मला फार आनंद झाला. मार्चमध्ये ती गेली यात आपली चूक थोडी आहे आणि बराचसा भाग हवामानाचा आहे.

झाड दिवसा उजेडात साखर तयार करते आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च जास्त. गार रात्रींसाठी घडलेले झाड उबदार रात्रींत कमावते त्याहून अधिक खर्च करू लागते आणि आतून रिकामे होते. दुपारचे ऊन सावली करून टाळता येते, रात्रीची ऊब टाळता येत नाही. त्यात आपण झाड मलूल दिसले म्हणून पाणी वाढवलेत. उबदार, ओल्या मातीत मुळे कुजवणाऱ्या बुरशीला यापेक्षा चांगली संधी नाही. अशी बुरशीची मर लागलेल्या रोपाची मान जमिनीलगत हाताने चाचपून पाहिली तर ती पाण्याने भरल्यासारखी मऊ आणि तपकिरी लागते. तहानलेल्या रोपाची मान मात्र टणकच असते. हा फरक ओळखता आला की झारी हातात घेण्याआधी माणूस थांबतो. पेरणीच्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळल्यास मर कमी होते. आपल्या भागात कृषी सेवा केंद्रांत ते मिळते.

ही तीन झाडे आपण हिवाळी हंगामी म्हणूनच वाढवावीत. लिनेरिया अल्पिना ही आल्प्सच्या घसरत्या दगडगोट्यांत वाढणारी, जांभळ्या फुलावर केशरी ठिपका असलेली जात पहिल्याच वर्षी फुलते. आइसलँड पॉपी, नाव काहीही असले तरी, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या गार प्रदेशांतली आहे. चीनमधल्या युनान भागातली प्रिम्युला मॅलाकॉइडिस तर मुळातच वर्षायू आहे. यांच्याबरोबर व्हायोला कॉर्न्युटाही धरावी, ती पिरेनीज पर्वतातली. चौघींनाही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने पुरतात. फेब्रुवारीच्या शेवटी दोन-चार फुले न खुडता बोंडे पिकू द्यावीत, तपकिरी होताच कागदी पाकिटात झटकून घ्यावीत आणि सावलीत आठवडाभर वाळवून काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावीत. दरवर्षी उन्हाळ्याआधी टिकून राहिलेल्या झाडाचेच बी धरल्यास ते हळूहळू आपल्या हवेला सरावते, असा माझा विश्वास आहे. निदान माझ्या व्हायोलांच्या बाबतीत मला तसे दिसते.

थोडे अधिक दिवस टिकवायचे असेल तर दुहेरी कुंडी करून पाहावी. रोपाची मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली जागा वाळूने भरावी आणि पाणी फक्त त्या वाळूला द्यावे. माठातले पाणी जसे गार होते, तशीच मुळांभोवतीची माती मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बरीच गार राहते. रंग दिलेल्या किंवा प्लास्टिकच्या कुंडीने हे होत नाही. माझ्याकडे अशा जोडीत प्रिम्युला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली, त्यापुढे कधीच नाही.

वर्षभर टिकणारे हवे असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या डोंगराळ भागातले डेलोस्पर्मा पेरावे. त्याला मांसल पाने आणि चकचकीत गुलाबी-जांभळी फुले येतात. उगवायला ते सोपे आहे, थंडीचे आठवडे मागत नाही आणि उन्हाळाही सोसते. ते मरते ते आपल्या पावसाळ्यात, म्हणून जून ते सप्टेंबर त्याच्या डोक्यावर पारदर्शक पत्रा असावा, बाजू मात्र वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. एडलवाइसचे बीही फ्रिजशिवाय उगवते, पण त्याच्या पानांवरची पांढरी लव ओल्या, दमट हवेत कुजते. हौस म्हणून एक हिवाळा वाढवण्यापुरते ते ठीक आहे.

प्रश्न : कुंड्यांवर पांढरा थर येतो आणि रोपांची पाने पिवळी पडतात. बोअरचे पाणी वापरतो.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पाणी जड आहे. तो थर क्षारांचा आहे आणि क्षारांमुळे मुळांना लोह घेता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऑगस्टमध्ये गच्चीवरचे पावसाचे पाणी झाकणाच्या पिंपात भरून ठेवावे. बारीक रोपांना हिवाळाभर लागते ते फार थोडे, दोनशे लिटर पुरून उरते. ते नसेल तर नळाचे पाणी वापरावे.

प्रश्न : अंजनेरी आणि ब्रह्मगिरीवर आम्ही नेहमी जातो. पावसाळ्यानंतर तिथे कंदीलपुष्पाच्या शेंगा दिसतात. परदेशी फुलांमागे लागण्यापेक्षा आपल्याच डोंगरावरचे बी आणून घरी वाढवले तर ते संवर्धनच होईल ना?
— दोन मित्र, त्र्यंबकेश्वर

उत्तर : आपली ओढ मला समजते, पण उत्तर नाही असेच आहे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. तिची झाडे थोडी आहेत. कंदीलपुष्पाच्या जोडशेंगा पिकून उकलल्या की रुईच्या बियांसारखेच रेशमी झुपका लावलेले बी वाऱ्यावर जाते, कारण दोघे एकाच कुळातले आहेत. एका शेंगेतली थोडीच बी योग्य खडकावर, योग्य गवतात पडतात. त्यातली मूठभर आपण खिशात घातली तर पुढच्या पावसाळ्यातली झाडे आपण घरी आणली असे होते आणि तिथे तेवढी कमी होतात. शिवाय या फुलात शिरून परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या आपल्या बाल्कनीत नसतील, तर घरचे झाड फुलेल पण शेंग धरणार नाही. संवर्धनासाठी बी गोळा करण्याचे काम वन विभागाच्या परवानगीने, नोंदी ठेवून, जाणकारांनीच करावे.

पण आपल्या पत्रातला दुसरा विचार मला मोलाचा वाटतो. सह्याद्रीचे सडे, म्हणजे माथ्यावरची उघडी खडकाळ पठारे, हे एका अर्थाने आपले अल्पाइन प्रदेशच आहेत. बोटभर मातीचा थर, खाली काळा खडक, भन्नाट वारा आणि वाढीसाठी जेमतेम चार महिने. फरक इतकाच की तिथला कठीण काळ हिमाचा आहे आणि आपला उन्हाळ्याचा. सड्यावरचे बी ऑक्टोबरात पडते, आणि परतीचा पाऊस एखाद्या दिवशी येऊन गेला म्हणून ते उगवले तर महिन्याभरात वाळून जाईल. म्हणून तिथल्या अनेक वर्षायूंचे बी मे महिन्याची तापलेली, कोरडी झळ सोसल्यावरच जागे होते. ज्या बियांना हिवाळा लागतो त्यांना आपण फ्रिज देतो, ज्यांना उन्हाळा लागतो त्यांना नाशिकची गच्ची तो फुकट देते.

घरी ही रचना करायची असेल तर दहा सेंटिमीटर खोलीची, पसरट, तळाला बरीच भोके असलेली कुंडी किंवा जुने दगडी पात्र घ्यावे. त्यात दोन भाग कच आणि एक भाग लाल मुरमाड माती भरावी आणि वर दोन-तीन काळे दगड अर्धे रुतवून बसवावेत. लागवडीचे बी आणि कंद रोपवाटिकेतूनच घ्यावेत. तेरड्याचे बी तिथे मिळते. सफेद मुसळीची शेती होत असल्यामुळे तिच्या मुळ्या लागवडीसाठी विकत मिळतात. कळलावीही मिळते, पण तिला खोल कुंडी वेगळी द्यावी. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, म्हणून घरात लहान मुले असतील तर ती लावू नये. कंदीलपुष्पाचीच हौस असेल तर त्याच वंशातली दक्षिण आफ्रिकेची सेरोपेजिया वुडाय, हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल, रोपवाटिकांत मिळते. तिच्या खोडावर मण्यांसारखे बारीक कंद येतात, ते मातीला टेकवले की नवी वेल होते.

पात्र जूनपासून उघड्या पावसात ठेवावे आणि ऑक्टोबरनंतर पाणी तोडावे. झाडे पिवळी पडून मातीत बसली की ती मेली असे समजून माती उकरू नये. मेअखेर पात्र गच्चीवर आहे तिथेच, भर उन्हात राहू द्यावे.